मनाचे आजार आणि गावचा शिक्षक

वर्गातील एखाद्या मुलाचे अंग तापले, तर शिक्षक त्याच्या कपाळाला हात लावून पाहतो, त्यास घरी पोचते करतो आणि दवाखान्यात नेण्यास पालकांना सांगतो. ताप आला म्हणून त्या मुलास कोणी शिक्षा करीत नाही, की त्याच्या घराण्यास दोष देत नाही. परंतु तेच मूल मनाने आजारी पडले, म्हणजे मात्र ते आळशी, हट्टी अथवा घुमे ठरते. आणि घरी त्यास 'बाहेरचे झाले' असे समजून अंगारे-धुपारे सुरू होतात. शरीराचा ताप हातास लागतो, मनाचा ताप हातास लागत नाही, एवढाच काय तो भेद. तो ओळखण्यास निराळी दृष्टी लागते. ही दृष्टी शिक्षकाच्या ठिकाणी असणे किती अगत्याचे आहे व तिचा उपयोग त्याने कसा करावा, याचे विवेचन या लेखात केले आहे.

आजार कशास म्हणावे

दुःख, भीती, राग, चिंता या मनाच्या स्वाभाविक वृत्ती आहेत. आजी वारली असता नातवाने चार दिवस न जेवणे, परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणे, भांडणानंतर मित्राशी अबोला धरणे, यांत आजार नाही. तीन गोष्टींवरून आजाराचा संशय घ्यावा. पहिली, हा बदल किती दिवस टिकला. दोन आठवडे उलटूनही तो तसाच आहे काय? दुसरी, तो प्रसंगाच्या मानाने फार तीव्र आहे काय? तिसरी व सर्वांत महत्त्वाची, त्यामुळे झोप, भूक, काम, अभ्यास, खेळ व माणसांशी असलेला संबंध यांत अडथळा येत आहे काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे येत असेल, तर ती गोष्ट उपदेशाने सुटणारी नसून तज्ज्ञास दाखविण्याजोगी आहे, असे समजावे.

मनोविकारांचे कारण एकच एक नसते. मेंदूतील रासायनिक क्रियांतील बिघाड, आनुवंशिकता, लहानपणीचे आघात, दारिद्र्य, कर्ज, व्यसन, घरातील मारहाण, दीर्घ आजारपण अशी अनेक कारणे एकत्र येतात. पूर्वजन्मीचे पाप, करणी किंवा भूतबाधा ही त्याची कारणे नव्हेत. आणि 'मन खंबीर नाही' हेही कारण नव्हे. ज्याचा पाय मोडला आहे त्यास 'इच्छाशक्तीने चाल' असे सांगण्यात जेवढा अर्थ आहे, तेवढाच औदासीन्याने ग्रासलेल्या माणसास 'मन घट्ट कर' असे सांगण्यात आहे.

हे विकार विरळा असतात, असाही एक समज आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्राचा त्या राज्यांत समावेश नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष सर्वांनीच ध्यानी घ्यावेत असे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता. १३ ते १७ या वयोगटात हे प्रमाण सुमारे ७.३ टक्के होते. आणि ज्यांना विकार होता, त्यांपैकी दहांतील सातांहून अधिक लोक उपचारावाचून राहिले होते. आजार आहे, उपचारही आहेत. परंतु रोगी आणि वैद्य यांची गाठ पडत नाही, असा याचा अर्थ होतो. ही गाठ घालून देण्याचे काम गावात जे थोडे लोक करू शकतात, त्यांत शिक्षक हा एक होय.

हजेरीपट काय सांगतो

वैद्याजवळ उष्णतामापक असतो. शिक्षकाजवळ हजेरीपट, मुलांच्या वह्या आणि खेळाचे मैदान ही तीन साधने असतात. त्यांचा उपयोग कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल.

इयत्ता चौथीतील एक मुलगी दिवाळीपूर्वी वर्गात सर्वांआधी हात वर करीत असे. सुट्टीनंतर ती उशिरा येऊ लागली. हजेरीपटात सोमवारी व बाजाराच्या दिवशी गैरहजेरी दिसू लागली. वहीतील सुवाच्य अक्षर वेडेवाकडे झाले, गणिते अर्ध्यावर सुटू लागली. मधल्या सुट्टीत ती भिंतीपाशी बसून राही आणि पोट दुखते म्हणून घरी जाण्याची परवानगी मागे. शिक्षकाने प्रथम तिला कामचुकार ठरवून दोनदा वर्गासमोर बोल लावला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की पुढील तीन दिवस ती आलीच नाही.

पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे पोट तपासले, तेव्हा काही दोष आढळला नाही. 'ढोंग करीत होती' असे म्हणून येथेच विषय संपविता आला असता. परंतु शिक्षकाने तिला शाळा सुटल्यावर ओसरीवर बसवून, न रागावता, 'तुला घर सोडून यावयास भीती वाटते काय?' एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने ती बोलली. घरी दोन महिन्यांचा भाऊ होता. बाळंतपणानंतर आई अंथरुणातून उठेनाशी झाली होती, बाळाकडे पाहत नव्हती आणि रात्रभर रडत होती. भाकरी करणे, पाणी भरणे, बाळास सांभाळणे हे सारे या नऊ वर्षांच्या मुलीवर आले होते. आपण शाळेत गेलो तर मागे आई मरून जाईल, या धास्तीने तिच्या पोटात खरोखरच कळा येत होत्या.

येथे रोगी दोन होते. आईस बाळंतपणानंतर येणारे औदासीन्य झाले होते. हा बऱ्याच स्त्रियांना होणारा व उपचाराने बरा होणारा विकार आहे. मुलीस चिंतेने ग्रासले होते. आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्या मध्यस्थीने आईस दवाखान्यात नेले, आजीस गावाहून बोलावून घेतले आणि मुलीस काही दिवस उशिरा येण्याची मुभा दिली, म्हणजे दोघींच्याही बरे होण्याचा मार्ग मोकळा होतो. शिक्षकाने येथे वैद्यकी केली नाही. त्याने पाहिले, विचारले, ऐकून घेतले आणि योग्य माणसांना कळविले. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती एवढीच.

नेहमी आढळणारे विकार

चिंताविकार : कारणावाचून किंवा अल्प कारणाने सतत धास्ती वाटणे, छातीत धडधडणे, घाम सुटणे, झोप न लागणे. मुलांमध्ये हा विकार बहुधा पोटदुखी, डोकेदुखी, शाळेत जाण्यास नकार अशा रूपाने दिसतो. काही मुले घरी भरपूर बोलतात, परंतु शाळेत चकार शब्द काढीत नाहीत. तेही चिंतेचेच एक रूप असते, उद्धटपणा नव्हे.

औदासीन्य अथवा नैराश्य : मन सदैव खिन्न असणे, आवडत्या गोष्टींतही गोडी न वाटणे, थकवा, झोप व भूक यांत बदल, आपण निरुपयोगी आहो ही भावना. मोठी माणसे उदास दिसतात. मुले मात्र पुष्कळदा चिडखोर होतात, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

मंत्रचळ : नको असलेला विचार पुनःपुन्हा मनात येणे व तो शमविण्यासाठी हात धूत राहणे, दाराची कडी वारंवार पाहणे, ओळ पुनःपुन्हा खोडून लिहिणे. हे व्यर्थ आहे असे रोग्यास कळत असते, तरीही त्यास थांबता येत नाही.

तीव्र मनोविकार : छिन्नमनस्कतेत इतरांस ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, कोणी आपल्या वाईटावर आहे असा दृढ संशय येतो. दुसऱ्या एका विकारात काही काळ अतिउत्साह व काही काळ खोल औदासीन्य यांचा फेरा चालतो. हे विकार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तरुणपणी सुरू होतात. शिक्षकास ते विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या पालकांत अथवा माजी विद्यार्थ्यांत आढळण्याचा संभव अधिक.

अतिचंचलता व अवधानाचा अभाव : मूल एका जागी स्थिर बसत नाही, काम पुरे करीत नाही, पाळी येण्यापूर्वीच बोलते, आणि हे शाळेत व घरी दोन्हीकडे, बराच काळ घडते. छडीने हा दोष जात नाही.

व्यसनाधीनता हाही आजारच आहे व त्यावर उपचार होतात. दारू पिणाऱ्या बापाच्या मुलास वर्गात झोप येते, तेव्हा ती झोप रात्रीच्या भांडणाची असू शकते.

येथे आणखी एक भेद स्पष्ट करणे इष्ट होय. मतिमंदत्व, वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि अपस्मार म्हणजे फेफरे, हे मनोविकार नव्हेत. पहिल्या दोहोंना विशेष शिक्षणाची व तिसऱ्यास मेंदूच्या आजारावरील औषधाची गरज असते. मात्र या मुलांना सतत टोमणे ऐकावे लागल्याने चिंता व औदासीन्य जडण्याचा धोका अधिक असतो, हे विसरू नये.

कोणाकडे जावे

मदत करणाऱ्यांची नावे सारखी वाटत असली, तरी त्यांची कामे भिन्न आहेत.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. एम. बी. बी. एस. झाल्यावर त्याने मनोविकारशास्त्रातील एम. डी., डी. एन. बी. किंवा डी. पी. एम. अशी पदवी अथवा पदविका घेतलेली असते. निदान करणे व औषध देणे हा त्याचा अधिकार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो बुद्धी, स्वभाव व विकार यांच्या चाचण्या घेतो आणि संभाषणाद्वारे शास्त्रीय मानसोपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते व ती विचारण्यात संकोच धरू नये. समुपदेशक हा अडचणींतून वाट काढण्यास साहाय्य करतो. सौम्य त्रासात त्याचा उपयोग होतो, परंतु तीव्र विकारात त्याच्यावरच विसंबून राहू नये. सामाजिक कार्यकर्ता घरची परिस्थिती, शासकीय सवलती व पुनर्वसन यांकडे पाहतो. जो मनुष्य आपले शिक्षण सांगण्यास टाळतो, एका भेटीत हमखास गुण येईल असे वचन देतो, पूर्वीचे औषध एकदम बंद करावयास लावतो किंवा मोठी रक्कम आगाऊ मागतो, त्याच्यापासून दूर राहावे.

खेड्यातून पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. या सेवा मोठ्या इस्पितळांपुरत्या न राहता जिल्ह्यात व खेड्यापर्यंत पोचाव्यात, हाच त्यांचा हेतू. वैद्यकीय अधिकारी तपासणी करून जरूर तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे चिठ्ठी देतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो. याखेरीज पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मात्र बहुसंख्य रोग्यांना तेथे दाखल होण्याची गरज नसते, घरी राहूनच उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आरोग्यतपासणीस येते, त्या वेळी वजन-उंचीबरोबरच मुलाच्या वागण्यातील बदलही शिक्षकाने पथकातील डॉक्टरांच्या कानी घालावेत.

ज्यांना लगेच प्रवास करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी 'टेलि-मानस' ही शासनाची दूरध्वनी-सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनाशुल्क व मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फलकावर, पटकीच्या वा हिवतापाच्या सूचनेइतक्याच सहजपणे लिहून ठेवावा.

उपचारांविषयी

औदासीन्यावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून देणे, अथवा बरे वाटताच मनाने बंद करणे, या दोन्ही चुका नेहमी घडतात व आजार उलटतो. 'या गोळ्यांची सवय लागते' ही भीतीही सरसकट खरी नाही. झोपेच्या काही औषधांच्या बाबतीत ती खरी आहे आणि म्हणूनच ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाची असतात. औदासीन्यावरील औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. मुलांच्या बाबतीत पुष्कळदा औषधाची गरजच नसते. घर, शाळा व मानसशास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने काम भागते.

जिवास धोका दिसेल तेव्हा

'मी नसलो तर बरे', 'आता सगळेच संपले' असे उद्गार, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अंगावर आपणच केलेल्या जखमा, या गोष्टी कधीही थट्टेवारी नेऊ नयेत. 'जीव नकोसा वाटतो काय?' असे स्पष्ट पण प्रेमाने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. विचारल्याने मनावरचे ओझे हलके होते. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. पिकावर फवारण्याची विषारी औषधे कुलुपात ठेवावयास घरच्यांना सांगावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गुप्तता राखण्याचे वचन अशा प्रसंगी देऊ नये. त्याचप्रमाणे मुलाने आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, तर ते दडवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना अथवा बालपोलीस पथकास कळविणे बंधनकारक आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

कायदा व गैरसमज

२००१ साली ऑगस्टच्या ६ तारखेस तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात आग लागली. तेथे साखळदंडांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आले नाही व ते जळून मेले. त्यांना तेथे ठेवणारे नातेवाईक दुष्ट होते असे नव्हे. दुसरा मार्ग त्यांना कोणी दाखविला नव्हता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आला. त्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे अथवा बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

तथापि, पालकांपुढे प्रथमच कायदा ठेवणे शहाणपणाचे नव्हे. ते भगताकडे जातात ते मुलावरील मायेपोटीच. त्यांच्या श्रद्धेची टवाळी केली, तर ते शिक्षकाचे दारही बंद करतील. 'नवस बोलला असाल तर तो फेडा, पण मंगळवारी माझ्याबरोबर दवाखान्यातही चला,' असे म्हणणारा शिक्षक अधिक मुलांना वाचवितो. 'वेडा', 'मेंटल' हे शब्द मात्र त्याने स्वतः उच्चारू नयेत व वर्गातही उच्चारू देऊ नयेत. मुलास पालकांच्या देखत नावे ठेवण्याऐवजी काय दिसले तेवढेच सांगावे : 'गेल्या महिन्यात नऊ दिवस गैरहजर होता, डबा खात नाही, खेळत नाही.' निदान शिक्षकाने करू नये, ते डॉक्टरांचे काम आहे.

शिक्षकाने पाळावयाच्या गोष्टी

१. बदल दिसताच तारीखवार टिपण ठेवावे. ते सर्वांच्या हाती पडेल असे ठेवू नये.

२. मुलाशी एकांतात पण इतरांच्या दृष्टीआड न होता, शांतपणे बोलावे. कमी बोलावे, अधिक ऐकावे.

३. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. तिचे अक्षरशः पालन करावे.

४. उपचार सुरू असलेल्या मुलास परत वर्गात येताना प्रश्नांचा भडिमार होऊ देऊ नये. एखादा समजूतदार सोबती शेजारी बसवावा, अभ्यास थोडा थोडा द्यावा.

५. गृहभेटीत कळलेली गोष्ट चावडीवर वा शिक्षकांच्या बैठकीत चर्चेस आणू नये.

६. आपण स्वतः खचलो आहो असे वाटल्यास तेही लपवू नये. दुर्गम वस्तीवरील एकशिक्षकी शाळा, घरापासून दूर नेमणूक, कामाचा बोजा यांनी शिक्षकही थकतो. वर दिलेले मार्ग त्याच्यासाठीही तितकेच खुले आहेत.

समारोप

गावात तज्ज्ञ नाही, ही गोष्ट खरी आहे व ती एका दिवसात बदलणारी नाही. परंतु गावातील बहुतेक घरांतील मूल सकाळी शाळेच्या दारातून आत येते आणि शिक्षक त्याचे नाव घेऊन हजेरी मांडतो. त्या नावास मिळणारे 'हजर' हे उत्तर रोजच्यापेक्षा क्षीण झाले आहे, हे ज्याच्या कानास कळते, तो उपचाराची पहिली पायरी चढलेला असतो. पुढील पायऱ्या चढविण्यास डॉक्टर आहेत. पहिल्या पायरीवर मात्र बहुधा शिक्षकावाचून दुसरे कोणी नसते. उदाहरणातील त्या मुलीस जर तिसऱ्यांदा बोल लागला असता, तर तिच्या नावापुढे कायमची फुली पडली असती. आणि तिच्या आईचा आजार कोणास कळलाही नसता. ज्या मुलावर आज राग येत आहे, त्याची चौकशी शिक्षा करण्यापूर्वी एकदा करावी, एवढा नियम प्रत्येक शाळेने पाळला तरी पुष्कळ कार्य होईल.